दुसरा दगड

आमच्यात घर बांधलं तर जीव जातो. गहू पेरला तरी जातो, झाड लावलं तरी जातो, द्राक्षाची दारू तोंडाला लावली तरी जातो. गाझ्याचे व्यापारी हे ऐकून हसतात. हसोत बापडे. घर आलं की दार आलं, आणि दार आलं की त्यावर लाथ मारणारा आला, असं आमचे म्हातारे सांगायचे. त्यात खोटं काय होतं? यवनांची फौज आली तेव्हा आम्ही तंबू गुंडाळले आणि माळावर नाहीसे झालो. त्यांनी चार दिशांना पाणी शोधलं, जिभा बाहेर काढल्या आणि आल्या वाटेने परत गेले. आमचं पाणी त्यांच्या पायाखाली होतं.

आणि हे सगळं मी कुठे बसून सांगतेय? भिंतीला पाठ टेकून. माझ्या स्वतःच्या भिंतीला. तेव्हा ऐकायचं असेल तर नीट ऐका, मधे मधे बोलू नका.

हे टाकं आमच्या पणज्यांनी मऊ खडकात खोदलेलं. तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतकं. आत मात्र अख्खा कबिला उंटांसकट मावेल. पावसाचा लोंढा आला तर तो आत घ्यायचा, तोंडावर शिळा सरकवायची, शिळेवर वाळू ओढायची. खूण कुळाबाहेर कुणाला सांगायची नाही. आणि टाक्याच्या तोंडाशी जनावर कधीही पाजायचं नाही. पाणी पखालीत भरून टेकड्यांपलीकडे न्यायचं आणि तिथे पाजायचं, कारण माणूस गप्प बसेल, पण उंट एकदा प्यायला की त्या जागी परत आल्याशिवाय राहत नाही.

त्या वर्षी मी आणि घानिम टाकं उघडायला पुढे आलो होतो. घानिम म्हणजे माझ्या गेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ. कबिला मागून मेंढरं हाकत सावकाश येत होता. घानिम कायद्याचा इतका पक्का, की पोरीबाळी त्याला पाहून हसू गिळायच्या. माणूस मेला तर डोळ्यांत टिपूस नाही, आणि सांडणीच्या पायात काटा रुतला तर दोन घास जायचे नाहीत. माझी भुरी सांडणी त्यानेच हातावर वाढवली होती. तिला तो 'बाय माझी' म्हणायचा. मला आयुष्यात कधी म्हणाला नाही.

टाकं होतं त्या टेकडीवरून खाली बघितलं तर खडकाळ सपाटीवर एक तांडा थांबलेला. दक्षिणेकडून लोबान घेऊन आलेला. उंट बसलेले, माणसं उंटांच्या सावलीत आडवी. वाटेवरची उघडी विहीर ढासळली होती, हे आम्ही कालच पाहिलं होतं, म्हणजे यांना पाणी मिळालेलंच नव्हतं. आणि एका उंटाच्या खोगिराला हात बांधून उभा केलेला माझा पोरगा, असलाह. वाटाड्या म्हणून गेला होता तो त्यांच्याबरोबर.

तांड्याचा नायक सपाटीच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि मोकळ्या डोंगराकडे तोंड करून ओरडला.

"कुणी असेल तर ऐका. तुमच्या या पोराला पाणी ठाऊक आहे. तो सांगत नाही. सूर्य टेकडीला टेकेपर्यंत मी वाट बघतो. मग याला कापतो, आणि आम्हीही मरतो. माझ्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही."

मी उठायला गेले तर घानिमने माझा पदर धरून खाली बसवलं.

"तो सांगणार नाही," घानिम म्हणाला. "माझा पुतण्या आहे."

"माझा मुलगा आहे, भावजी."

"मागून लेकरं येतायत, वशूह. त्यांना दुसरं पाणी नाही. हे उंट टाक्याला लागले तर उद्यापर्यंत तळ दिसेल. ती लेकरं आठव."

"मला नका आठवण करून देऊ. निम्म्यांची नाळ मी कापलीय."

"मग?"

"मग काय? पोरगं कापताना इथून बघत बसू? तुम्ही बसा. तुम्हाला जमेल."

हे लागलं त्याला. मी म्हटलं, टाकं दाखवायला कोण सांगतंय? पाणी दाखवू, टाकं नको. दोन पखाली भरू, भुरीवर लादू, मी ओढ्याच्या घळीतून उतरून लांबून वळसा घालते आणि पश्चिमेकडून येते, जशी काही कुठूनतरी दुरून आलेय. माणसं पितील, तेवढ्यावर वाटेवरच्या पुढच्या विहिरीपर्यंत तग धरतील. पोरगं सुटेल.

घानिमने बराच वेळ वाळूत बोट फिरवलं. मग उठला आणि शिळेवरची वाळू बाजूला करायला लागला.

पाणी मी उपसलं. पोहरा खाली सोडायचा, ओढायचा, ओतायचा. हात भरून आले. पखालींची तोंडं आवळून बांधायला मी टाक्याकडे पाठ करून बसले होते. घानिम भुरीला धरून मागे उभा होता. तिच्याशी काहीबाही पुटपुटत होता, ते मी ऐकलं, पण तो नेहमीच पुटपुटायचा. आम्ही पखाली लादल्या. त्याने तिच्या मानेवर हात फिरवला आणि मी निघाले.

दुपारभर चालले. घळ अशी तापली होती की दगडाला हात लागला तर कातडी सोलायची. सूर्य टेकडीला टेकण्याआधी पोचायचं आणि तरी दमलेलं दिसायचं. त्यातलं दुसरं करायला मला काही नाटक करावं लागलं नाही. सपाटीवर आले तेव्हा माणसं उठून बसली. उंटांनी माना उचलल्या. पखालींचा वास येताच ते ओरडायला लागले, दावी तोडायला लागले.

नायकाचं नाव इलशराह. पिकल्या दाढीचा, बारीक डोळ्यांचा माणूस. त्याने पाणी आधी आजाऱ्यांना पाजलं, मग बाकीच्यांना, स्वतः शेवटी. असलाहलाही पाजलं. असलाहने माझ्याकडे बघितलं नाही. शहाणा पोरगा. मीही बघितलं नाही, पण त्याचे फुटलेले ओठ मला न बघताच दिसले.

"कुठून आलीस, बाई?" इलशराहने विचारलं.

"तिकडून. मेंढपाळांची आहे मी. ओढ्यात एक डबकं राहिलंय, तिथलं आणलं. तू ओरडत होतास ते आमच्या पोरांनी ऐकलं."

"किती लांब?"

"आत्ता निघालास तर मध्यरात्री पोचशील. पण डबकं आहे ते, एवढे उंट पुरायचे नाहीत. माणसांपुरतं आणलंय. आता त्या पोराला सोड आणि वाटेला लाग."

"हा तुझा कोण?"

"कुणी का असेना. पाण्यासाठी माणूस कापला की पाऊस पळतो. आमचा माळ आहे हा."

तो हसला. चांगलं हसला. मग उठून भुरीभोवती एक फेरी मारली. त्याचे उंट अजून पखालींकडे माना ताणून घसा फोडत होते. भुरी मात्र शांत उभी राहून रवंथ करत होती. ओल्या पखालीकडे तिने मान वळवूनही बघितलं नव्हतं.

"दिवसभर पाणी वाहून आणलेली सांडणी," तो हळू म्हणाला, "आणि पाण्याकडे बघत नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी पाठमोरी बसलेले असताना मागे काय झालं ते मला तेव्हा कळलं. तोच तो पुटपुटणारा आवाज. कबिल्याचा कायदा ज्याला तोंडपाठ, त्या माणसाला बाय माझीची तहान बघवली नव्हती. टाक्याच्या तोंडाशी, पोहऱ्याने पाजलं होतं तिला.

इलशराहने माझ्याशी वाद घातला नाही. भुरीची वेसण काढली आणि तिच्या पुठ्ठ्यावर एक थाप मारली.

भुरी निघाली. मी दुपारभर जीव काढून घातलेला वळसा तिला काय माहीत? ती सरळ निघाली. टेकडीच्या दिशेने, रमतगमत, मागे माणसं, माणसांमागे ओढत आणलेला असलाह, आणि सगळ्यांच्या मागे मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी स्वतःच्या डोळ्यांदेखत उलगडताना बघत होते. मी तिला हाक मारून वळवायला गेले. एकाने माझ्या तोंडावर हात दाबला.

वर पोचलो तर भुरीने घानिमच्या खांद्यावर तोंड टेकलेलं. घानिमने तिला ढकललं नाही. त्याने शिळा सरकवली होती आणि टाक्याच्या तोंडावर डांबराची कातडी पिशवी धरली होती. उंटांच्या खरजेला लावतो ते डांबर.

"एक पाऊल पुढे आलात तर पालथं करतो," तो म्हणाला. "मग तुम्हीही मरा, आम्हीही मरतो. दुशरा देवाची आण."

इलशराहने असलाहला पुढे ओढलं आणि सुरी गळ्याला लावली. "ओत," तो म्हणाला. "तुझ्याआधी हा."

असलाहने तोंड उघडलं, आवाज दुसऱ्या खेपेला फुटला. "ओता, काका."

म्हणाला हो असं. माझं पोरगं. मला त्याचा अभिमान वाटला असेल असं तुम्हाला वाटतंय का? मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. घानिमच्या पिशवीचं तोंड खाली झुकत होतं, डांबराची धार काठापर्यंत आली होती. सुरीखाली रक्ताची बारीक रेघ उमटली होती. कुणीही शिंकलं असतं तरी सगळं संपलं असतं.

मी मधे जाऊन टाक्याच्या काठावर बसले. पाय आत सोडून.

"ओता आता माझ्या डोक्यावर," मी घानिमला म्हटलं. मग इलशराहकडे वळले. "आणि तू ऐक. हे पाणी तू सुरीने घेशील. आजचं. पण या टाक्यात लोंढा कुठून वळवायचा, गाळ कधी काढायचा, चुना कुठे फुटलाय, ते तुला माहीत आहे का? एक पाऊस आला की हे वाळूने भरेल, आणि पुढच्या खेपेला तू इथेच कुठेतरी टाक्याच्या माथ्यावरून फिरत मरशील. त्यापेक्षा मी पाजते. माणसं पोटभर, उंटांना एकेक पोहरा, माझ्या हाताने. बाकीचं आमच्या लेकरांचं. दर वर्षी ये, दर वर्षी पाजीन. बदल्यात थोडा लोबान टाकत जा."

तो विचारात पडला. सुरी हलली नाही, पण बाकीच्यांच्या नजरा पाण्याकडे लागल्या होत्या आणि त्याला ते दिसत होतं.

"तुमचा शब्द चांगला असतो," तो म्हणाला. "मी तीस वर्षं या वाटेने जातोय, खोटं बोलणार नाही. पण तुमच्या शब्दाला ठिकाणा नसतो, बाई. आज इथे, उद्या कुठे. मी पुढच्या वर्षी माणसं घेऊन येईन आणि इथे नुसती वाळू असेल. मला न हलणारं काहीतरी दे."

"काय देऊ?"

"घर बांध. लांबून दिसेल असं. आणि त्यात तू राहा."

त्याला आमचा कायदा माहीत होता. तीस वर्षं फिरलेला माणूस, त्याला माहीत नसणार? म्हणूनच तर मागितलं. जीव देऊन जे करावं लागतं, ते माणूस उगाच करत नाही.

"आत्ता," तो म्हणाला. "भिंत बघितल्याशिवाय पोराला सोडत नाही."

मी उठले. आसपास दगडांना काय तोटा? एक बऱ्यापैकी चपटा बघून उचलला आणि टाक्यापासून थोडा बाजूला ठेवला.

घानिमने पिशवी खाली ठेवली होती. तो माझ्याजवळ आला. त्याचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "एक दगड कुणीही ठेवतं, वशूह. चुलीला ठेवतात, तंबूच्या दोराला ठेवतात. एवढ्यावर थांब."

"आणि पोरगं?"

"दुसरा ठेवलास की भिंत झाली. मग मला काय म्हणावं लागेल, तुला ठाऊक आहे."

"भावजी," मी हळूच विचारलं, "भुरीला कुणी पाजलं?"

त्याने मान खाली घातली. "मी."

"कबिल्यात सांगाल?"

त्याने मान वर केली नाही. मी म्हटलं, "नका सांगू. दोघंही गेलो तर मागच्यांना टाक्यावर कोण आणणार?" मला त्याची दया आली म्हणून नाही हो. मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. पण हिशोब तोच होता.

मग मी एक पोहरा ओढला आणि मातीत ओतला. त्या माणसांकडे बघायला हवं होतं तुम्ही. पखालीतला एकेक घोट मिळालेली, ओठ फुटलेली माणसं, आणि त्यांच्यासमोर मी पाण्याचा चिखल करतेय. एकाला राहवलं नाही, त्याने चिखलाची मूठ उचलून तोंडात पिळली. मी त्याला अडवलं नाही. दोन्ही हातांनी चिखल मळला, पहिल्या दगडावर थापला. दुसरा दगड जड निघाला. मला एकटीला उचलेना.

"आई, नको," असलाह म्हणाला. आणि मग त्याला समजलं की मी ऐकणार नाही, तर बांधलेल्या हातांनीच तो पुढे यायला लागला. दगड धरायला.

मी कधी त्याच्यावर ओरडले नव्हते तशी ओरडले. "हात लावशील तर बघ. दगडाला बोट जरी लावलंस ना, तर मी तुझी आई नाही."

तो थांबला. मी दगड गुडघ्यावर घेतला, मग पोटाशी धरला, आणि ठेवला. चिखलात नीट बसला तो. अजून आहे, इथे, माझ्या कमरेमागे.

घानिम मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आवाज मधेच फाटला, पण त्याने पुरं केलं. "हुनैनूची लेक वशूह आज मेली. दुशरा तिला झोप देवो."

आमच्यात जीव जातो तो असा. मी त्याच्यासमोर उभी होते. हाताला चिखल लागलेला. इलशराहने सुरी काढली आणि दोर कापला. असलाह टाक्याजवळ आला, मी पोहरा पुढे केला, तो प्यायला. पितानाही त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मघाशी बघितलं नव्हतं ते मला वाचवायला, आणि आता नाही ते मी मेले होते म्हणून.

कबिला मागाहून आला. पाणी पुरलं. लेकरं प्यायली, मेंढरं प्यायली. माझ्या बहिणींनी टेकडीच्या पायथ्याशी माझ्या नावाचा दगड उभा केला आणि त्याला धरून इतक्या रडल्या, की शेवटी मीच ओरडले, अगं पुरे, घसे कोरडे पडतील. एकीने सुद्धा वर बघितलं नाही. आणि गंमत बघा, मेलेलीच्या हातचं पाणी चालतं. माझ्याकडचा लोबानही चालतो. मी टोपली दगडावर ठेवते, कुणीतरी उचलून नेतं. फक्त माझं नाव घेतलेलं चालत नाही.

इलशराह शब्दाचा खरा निघाला. पुढच्या वर्षी आला, त्याच्यामागे दुसरे तांडे आले. एक लोहार थांबला, परमुलखातला, त्याला आमचा कायदा लागत नाही. मग एक जीनगर आला. कुणीतरी दुसरी भिंत घातली, माझ्या भिंतीला लागून. आता कबिल्यातल्या म्हाताऱ्यांचे सुद्धा इथून जाताना पाय रेंगाळतात, मी बघते ना. पण त्यातल्या एकानेही आजवर मला हाक मारली नाही. घानिम मरेपर्यंत यायचा, भुरीला खाजवायचा, तिच्याशी बोलायचा, आणि जायचा. मी शेजारी उभी असायचे.

असलाह दर वर्षी तांडा घेऊन येतो. पाणी घेतो, पाठ फिरवून उभा राहतो. कित्येक वर्षं हेच.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या उंटावरून एक पोरगी उतरली. लहान होती, दात पडलेली. वाडगा घेऊन थेट माझ्यासमोर आली. तिला काय ठाऊक कायदा बियदा.

"आजी, पाणी दे."

सगळ्या म्हाताऱ्यांना पोरं आजीच म्हणतात. मी वाडगा घेतला. "नाव काय गं तुझं?"

"वशूह."

हातातला वाडगा मी भिंतीवर ठेवला. जिवंत माणसाचं नाव आमच्यात पोराला ठेवत नाहीत. म्हटलं, चला, आता पुरतीच मेले मी. पोटच्या पोराने शिक्कामोर्तब केलं.

"कुणाचं ठेवलंय?" मी विचारलं, माहीत असून.

"बाबाच्या आईचं. ती मेली."

मी तिचा वाडगा काठोकाठ भरून दिला. ती जपून, दोन्ही हातांत धरून चालत गेली. असलाह पलीकडे उंटाचा पट्टा आवळत होता, आधीच आवळलेला. ती जवळ पोचायच्या आत त्याने हाक मारली. "वशूह."

"आले ना," पोरगी म्हणाली.

त्याने तिला उचलून कडेवर घेतली. ती त्याच्या कडेवर होती, तोंड त्याच्या कानाशी. तरी त्याने पुन्हा हाक मारली, मोठ्याने, साऱ्या तांड्याला ऐकू जाईल अशी. "वशूह."

मी ओ दिली.